उरल पर्वत : लोखंड, रान आणि कोळसा

रशियाचा नकाशा पुढें ठेवला असतां उत्तरेस कारा समुद्रापासून दक्षिणेस कझाकांच्या गवताळ मैदानापर्यंत जवळजवळ सरळ उभी गेलेली एक डोंगररांग दिसते. तीच उरल. तिची लांबी दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. उंची मात्र बेताची. सर्वांत उंच शिखर जें नारोदनाया तें अवघें १८९५ मीटर. आणि मधल्या भागांत, येकातेरिनबुर्ग शहराच्या आसपास, ही रांग इतकी बसकी होते कीं, आगगाडींतील उतारूस आपण युरोप सोडून आशियांत आलों हें वाटेवरचा सीमास्तंभ पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं. अशा परक्या डोंगराचा वृत्तान्त या त्रैमासिकांत कशासाठीं, अशी शंका कोणी वाचक घेईल. शंका रास्त आहे. परंतु जमीन, पाणी, रान आणि खनिज यांनीं एखाद्या मुलखाचा इतिहास कसा घडविला, व त्या इतिहासानें उलट त्या मुलखाची काय दशा केली, हें उरलइतकें उघडपणें दाखविणारीं स्थळें फार थोडीं आहेत. शिवाय या कारखानदारीचा एक धागा आपल्या देशांतहि येऊन पोंचला आहे. त्याचा उल्लेख यथास्थळीं येईल.

उरलविषयीं लिहिणारे पुष्कळ ग्रंथकार त्यास 'खनिजांचें भांडार' म्हणून मोकळे होतात. हें विधान खोटें नाहीं, पण अपुरें आहे. भांडारांत वस्तु असणें निराळें आणि ती वापरण्याजोगी करून बाहेर काढणें निराळें. लोखंडाची कच्ची धातु वितळविण्यास जळण लागतें. आणि उरलांत धातु जितकी विपुल, तितकाच तिच्या जोडीचा दगडी कोळसा दुर्मिळ. गेल्या तीनशें वर्षांतील उरलचा उदय, ऱ्हास व पुनरुत्थान हीं सर्व या एका उणिवेभोंवतीं फिरलेलीं आहेत असें आमचें मत असून, तें दाखविण्याचा प्रयत्न पुढें केला आहे.

उरल हा पृथ्वीवरील वृद्ध पर्वतांपैकीं एक होय. सुमारे ३० ते २५ कोटि वर्षांपूर्वीं पूर्वेकडील व पश्चिमेकडील भूखंडांची टक्कर होऊन मधल्या समुद्राचा तळ चुरडला गेला आणि ही रांग वर आली. तेव्हांपासून ऊन, बर्फ व पाणी तिला झिजवीत आहेत. ही झीजच माणसाच्या पथ्यावर पडली. कारण वरचे थर वाहून गेल्यामुळें एरवीं खोल पुरलेले धातूंचे साठे उघडे पडले. कांहीं ठिकाणीं तर लोखंडाचा सबंध डोंगरच जमिनीवर उभा होता. पूर्वेकडील उतार मुख्यतः अग्निजन्य व रूपांतरित खडकांचा. लोखंड, तांबें, सोनें, प्लॅटिनम आणि नाना जातींचीं रत्नें तिकडे सांपडतात. पश्चिमेकडील उतार प्राचीन समुद्राच्या गाळाचा. तेथें चुनखडी, मीठ व पोटॅश. भूगर्भशास्त्रांतील एका सबंध कालखंडास 'पर्मियन' हें नांव मर्चिसन या ब्रिटिश पंडितानें १८४१ सालीं दिलें, तें याच बाजूच्या पेर्म प्रांतावरून.

नद्यांची वांटणीहि अशीच. पश्चिमेचें पाणी कामा नदींतून व्होल्गेस व शेवटीं कास्पियन समुद्रास मिळतें. पूर्वेकडील इसेत, तागील, तुरा इत्यादि नद्या तोबोल, इर्तिश व ओब यांच्या वाटेनें उत्तर ध्रुवसमुद्राकडे जातात. या वांटणीस चुसोवाया ही नदी मोठा अपवाद आहे. ती पूर्वेच्या अंगास उगम पावून डोंगर आरपार कापीत पश्चिमेस कामेला मिळते. तिच्या या वाटचुकारपणाचें महत्त्व पुढें दिसेल. हवा अर्थात् कडक. येकातेरिनबुर्गास जानेवारींतील सरासरी उष्णमान शून्याखालीं १३ ते १५ अंश असून नद्या जवळजवळ पांच महिने गोठलेल्या असतात. उत्तरेस व मध्यभागीं पाइन, स्प्रूस इत्यादि सूचिपर्णी वृक्षांचीं दाट रानें व त्यांत भूर्जाचे पट्टे. दक्षिणेस जावें तसें रान विरळ होऊन गवताळ मैदान लागतें. रान कोठें आहे व कोठें नाहीं, एवढी एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

या मुलखाचे जुने रहिवासी म्हणजे उत्तरेकडील रानांतून शिकारीवर राहणारे मान्सी, ज्यांस रशियन लोक पूर्वीं वोगुल म्हणत, आणि दक्षिणेकडील गुरेंघोडीं पाळणारे बाश्कीर. रशियनांचें पाऊल येथें प्रथम पडलें तें लोखंडासाठीं नव्हे. केंसाळ कातडीं व मीठ यांच्यासाठीं. १५५८ सालीं झार चौथा इव्हान यानें कामा नदीकांठचा विस्तीर्ण प्रदेश स्त्रोगानोव्ह या मीठ पिकविणाऱ्या व्यापारी घराण्यास सनद देऊन तोडून दिला. याच घराण्याच्या पदरचा येर्माक हा कझाक सरदार १५८० नंतरच्या दोनतीन वर्षांत चुसोवायाच्या मार्गानें डोंगर ओलांडून सायबेरियांत उतरला. मीठ उकळण्यासहि सरपणच लागतें; तेव्हां उरलचीं रानें चुलींत जाण्यास आरंभ लोखंडाच्या आधींच झाला होता म्हणावयाचा.

लोखंडाचें युग आणलें तें एका पराभवानें. स्वीडनशीं सुरू झालेल्या युद्धांत १७०० च्या नोव्हेंबरांत नार्वा येथें पीटर बादशहाच्या फौजेची धूळधाण उडाली व तिचा बहुतेक तोफखाना शत्रूच्या हातीं गेला. नव्या तोफा ओतण्यासाठीं देवळांच्या घंटा उतरवाव्या लागल्या. उत्तम लोखंड रशिया आजवर विकत घेत असे तें मुख्यतः स्वीडनकडून. म्हणजे ज्याच्याशीं लढावयाचें त्याच्याच दुकानावर जावयाचें! ही अडचण निघतांच उरलकडे लक्ष गेलें आणि १७०१ च्या अखेरीस कामेन्स्क व नेव्यान्स्क येथील भट्ट्यांतून पहिलें बीड बाहेर पडलें. पुढल्याच वर्षीं पीटरनें नेव्यान्स्कचा सरकारी कारखाना तूला येथील निकिता देमिदोव्ह नांवाच्या बंदुका घडविणाऱ्या लोहाराच्या हवालीं केला. निकिता व त्याचा पुत्र अकिन्फी यांनीं त्या एका कारखान्याचे वीसच्या घरांत कारखाने केले. त्यांच्या लोखंडावर सेबल या प्राण्याचा छाप असे, व 'जुना सेबल' या नांवानें तें लोखंड पुढें युरोपच्या बाजारांत ओळखलें जाऊं लागलें.

सरकारी कारखान्यांची व्यवस्था वासिली तातिश्चेव्ह व त्याच्यामागून आलेला वाकबगार अधिकारी डे गेन्निन यांच्याकडे होती. या दोघांच्या हातून १७२३ सालीं येकातेरिनबुर्ग वसलें. हा तातिश्चेव्ह आम्हां इतिहासाभ्यासकांस परका नाहीं. रशियाचा पहिला साधार इतिहास लिहिण्याचा मान त्याच्याकडे जातो, आणि युरोप व आशिया यांची सीमा उरलवरून धरावी हा विचार मांडणारांतहि तो अग्रभागीं आहे. दिवसा खाणींचा हिशेब आणि रात्रीं बखरींचा, असा हा अधिकारी होता. १७३५ त स्तेपान चुंपिन नांवाच्या मान्सी माणसानें दाखविलेल्या एका लोहमय डोंगरास 'ब्लागोदात' म्हणजे 'कृपा' हें नांव त्यानेंच दिलें. ॲना या सम्राज्ञीच्या नांवाचा हिब्रू भाषेंत तोच अर्थ होतो. आपल्या देवाचा डोंगर परक्यांस दाखविला म्हणून चुंपिनच्या जातभाईंनीं त्यास तेथेंच जाळलें अशी कथा सांगतात, व शिखरावर त्याचें स्मारकहि पुढें उभें राहिलें. ही कथा दंतकथा म्हणूनच घेणें बरें. मात्र ज्या समाजाचा डोंगर गेला त्याच्या वाट्यास कथेंत खुनाचा आळ यावा, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

आतां हे कारखाने चालत कसे, तें थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे. कारण सर्व रहस्य त्यांतच आहे. जागा निवडतांना तीन गोष्टी पाहात: जवळ धातु, भोंवतीं रान आणि मध्यें बांध घालण्याजोगी लहानशी नदी. नदीवर मातीलाकडाचा भक्कम बांध घालून मोठें तळें करीत. बांधाखालीं भट्टी, भाते व घण. तळ्याचें पाणी पन्हळींतून पाणचक्क्यांवर पडे, त्या चक्क्यांनीं भाते हालत व घण उठत. थंडींत नदी गोठली तरी तळ्याच्या खालच्या थरांतील पाणी चालू राही. उन्हाळा कोरडा गेला तर मात्र कारखाना बंद पडे. बांधाजवळ देऊळ, कचेरी व मालकाचा वाडा, आणि तळ्याच्या कांठानें कामगारांच्या लांकडी घरांच्या ओळी. उरलमधील बहुतेक जुन्या शहरांचा आराखडा आजहि हाच आहे. इतर देशांत शहरें किल्ल्याभोंवतीं किंवा बाजाराभोंवतीं वाढलीं. येथें तीं कारखान्याच्या तळ्याभोंवतीं वाढलीं. येकातेरिनबुर्गच्या ऐन मध्यावर तो बांध आजहि उभा असून संध्याकाळीं फिरावयास जाण्याचें तें तेथील लोकांचें आवडतें ठिकाण आहे.

भट्टींत धातूबरोबर लाकडी कोळसा घालीत. लाकडी कोळशांत गंधक नसल्यामुळें त्यावर निघालेलें लोखंड मऊ व चिवट होई, आणि उरलच्या लोखंडाच्या कीर्तीचें हें एक मोठें कारण आहे. परंतु हा कोळसा ठिसूळ. गाडींत घालून फार दूर नेला तर वाटेंत त्याचा चुरा होतो, व चुऱ्यावर भट्टी चालत नाहीं. म्हणून कारखान्यास जितक्या अंतरावरून कोळसा धडपणें आणतां येईल तितकेंच त्याचें रान, आणि जितकें रान तितकीच त्याची वाढ. एकाच ठिकाणीं प्रचंड कारखाना उभारणें शक्यच नव्हतें. त्यामुळें उरलभर लहान लहान कारखाने विखुरले गेले व प्रत्येकाच्या नांवें शेंकडों चौरस किलोमीटर रान लागलें. एका भागांतील झाडें तोडलीं कीं तीं पुन्हां वाढेपर्यंत दुसरा, मग तिसरा, असा क्रम ठेवीत. क्रम पाळला तर रान टिके. पण मागणी वाढली कीं क्रम पाळण्याची बुद्धि कोणास राहते?

या नियमाचा सर्वांत बोलका दाखला दक्षिणेकडील माग्नितनाया डोंगराचा आहे. हा डोंगर म्हणजे चुंबकी लोहधातूची रासच, आणि त्याची माहिती अठराव्या शतकाच्या मध्यापासून होती. पण तो उघड्या गवताळ मैदानांत. आसपास जाळावयास झाड नाहीं. म्हणून १७६२ च्या सुमारास कारखाना निघाला तो डोंगरापाशीं नव्हे, तर कित्येक दिवसांच्या वाटेवर रानांत, बेलोरेत्स्क येथें. आणि धातु गाड्यांत भरून रानाकडे नेऊं लागले. पुढें १७० वर्षें तो डोंगर जवळजवळ तसाच पडून राहिला.

जळणानंतर प्रश्न हातांचा. भट्टीपुढें उभा राहणारा कसबी लोहार थोडाच लागे. खरी खोगीरभरती लागे ती झाडें तोडण्यास, कोळसा पाडण्यास व गाड्या हांकण्यास. यासाठीं सरकारनें खेडींच्या खेडीं कारखान्यांस नेमून दिलीं. डोईपट्टी रोख न घेतां तिच्या बदलीं काम घ्यावयाचें अशी ही युक्ति. कागदावर ती सरळ दिसते. परंतु पुष्कळ खेडीं कारखान्यापासून शेंकडों किलोमीटरांवर असत. वर्षांतून दोनतीनदां शेतकऱ्यानें घोडा घेऊन जावयाचें, जाण्यायेण्याचे दिवस हिशेबांत धरावयाचे नाहींत, आणि पेरणीचा किंवा कापणीचा हंगाम हातचा गेला तरी तक्रार करावयाची नाहीं. म्हाताऱ्यांचा व मेलेल्यांचाहि कर जिवंतांनीं फेडावा लागे. १७२१ च्या हुकुमानें कारखानदार व्यापाऱ्यांस खेडीं विकत घेण्याचीहि मुभा मिळाली. याखेरीज जुन्या धर्माचाराला चिकटून राहिल्यामुळें छळले गेलेले व मालकांपासून पळालेले भूदास देमिदोव्हांच्या आश्रयास येत. त्यांतले पुष्कळ उत्तम कारागीर होते. त्यांस आश्रय मिळे, मोकळीक नव्हे. बाश्कीरांच्या जमिनी तर नाममात्र किंमतींत कारखान्यांच्या घशांत गेल्या.

याचा परिणाम व्हावयाचा तो झाला. १७७३ च्या शरदृतूंत याइक नदीवर येमेल्यान पुगाचोव्ह या कझाकानें, आपणच मरण पावलेला झार तिसरा पीटर आहों असें सांगून, बंडाचें निशाण उभारलें. सलावत युलायेव्ह या तरुण वीराच्या हाताखालीं बाश्कीर त्यास मिळाले. कारखान्यांस जुंपलेले शेतकरीहि मिळाले. कांहीं कारखान्यांनीं त्याच्यासाठीं तोफा ओतल्या, कांहीं बंडवाल्यांनीं जाळून टाकले. या दोन प्रकारांत विरोध दिसतो, पण तो वरवरचा. कारखान्यांतील कायमच्या कामगारास भट्टी हें पोट होतें. वेठीस येणाऱ्या शेतकऱ्यास व जमीन गमावलेल्या बाश्कीरास तीच भट्टी म्हणजे वैरी. १७७४ च्या सप्टेंबरांत पुगाचोव्ह पकडला गेला व पुढल्या जानेवारींत मॉस्को येथें त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर राणी कॅथेराइननें बंडाचें स्मरणहि नको म्हणून याइक नदीचें नांव बदलून 'उरल' ठेवलें. नकाशावर आपण जी उरल नदी वाचतों ती या शिक्षेची खूण होय.

तयार लोखंड समुद्राकडे जाई तें वर सांगितलेल्या चुसोवाया नदीनें, आणि तेंहि वर्षांतून एकदांच. हिंवाळाभर धक्क्यांवर लोखंडाच्या रासा पडत व सपाट बुडाचे लांकडी पडाव बांधले जात. वसंतांत बर्फ फुटलें कीं वरच्या अंगच्या तळ्यांचीं दारें उघडून पाणी सोडीत; नदी चढे, आणि त्या लोंढ्यावर पडावांचा सबंध काफला एकदम निघे. तीरांवरून नदींत घुसलेल्या कड्यांस तेथील लोक 'योद्धे' म्हणत. वळणावर पडाव त्यांवर आदळला कीं लोखंडासह तळाशीं जाई. पुढच्या टोंकास राहून प्रचंड वल्ह्यांनीं पडाव वळविणाऱ्या माणसांत तांडेलाचा शब्द शेवटचा. त्याची नजर चुकली कीं सर्व संपलें. १८७७ च्या फेरींत वीसांहून अधिक पडाव फुटून शंभरांवर माणसें बुडालीं. पुढल्याच वर्षीं पेर्म ते येकातेरिनबुर्ग हा लोहमार्ग सुरू झाला व काफल्यांचे दिवस हळूहळू संपले. मामिन-सिबिर्याक या उरलच्या कादंबरीकारानें 'योद्धे' याच नांवानें या नदीप्रवासाचें वर्णन लिहून ठेवलें आहे. कामेनंतर व्होल्गेतून उलट प्रवाहास ओढून, मग कालव्यांतून लोखंड सेंट पीटर्सबर्गास पोंचे तेव्हां बहुधा वर्ष संपलेलें असे, किंवा नवें लागलेलें असे.

इतक्या लांबून येऊनहि तें इंग्लंडच्या बाजारांत खपे, यांतच त्या काळच्या उरलचें सामर्थ्य दिसतें. १८०० च्या सुमारास रशियाचें बिडाचें उत्पादन एक कोटि पूडाच्या, म्हणजे सुमारे एक लाख साठ हजार टनांच्या घरांत होतें. त्यांतील बहुतेक उरलचें, आणि कोणताहि देश त्याच्या पुढें नव्हता. परंतु याच वेळीं इंग्लंडांत निराळी घडामोड चालली होती. दगडी कोळसा भाजून केलेल्या कोकवर बीड काढण्याची युक्ति तेथें रुळली होती आणि १७८४ सालीं कोर्ट यानें दगडी कोळशाच्याच आंचेवर घडीव लोखंड करण्याची रीत काढली. इंग्रजांच्या भट्टीची रानाशीं फारकत झाली. खाण जितकी खोल तितका कारखाना मोठा. उरलास हें करतां येईना. पश्चिम उतारावरील किझेलच्या कोळशांत गंधक व राख फार. त्यापासून एकट्यानें चांगला कोक होत नाहीं. पन्नाससाठ वर्षांत इंग्लंड कित्येक पटींनीं पुढें गेलें व उरल जवळजवळ जागींच राहिला.

उरलच्या माणसांत बुद्धीची उणीव नव्हती. निझ्नी तागील येथील येफिम व मिरोन चेरेपानोव्ह या बापलेकांनीं १८३४ सालीं रशियांतील पहिलें वाफेचें आगगाडीचें इंजिन बांधून कारखान्याच्या आवारांतील रुळांवर चालविलें. दोघेहि देमिदोव्हांच्या भूदासांत जन्मलेले. तें इंजिन पुढें कोणी वापरलें नाहीं. धातूच्या गाड्या घोडेच ओढीत राहिले. यास मालकाचा कोतेपणा म्हणून सोडून देणें सोपें आहे. पण जेथें माणूस व घोडा वेठीस मिळतो आणि इंजिनास मात्र दुर्मिळ होत चाललेलें लांकूड लागतें, तेथें हिशेब इंजिनाच्या विरुद्धच जावयाचा.

सोनें व रत्नें यांविषयीं थोडक्यांत सांगतों. वाचकांस त्यांचें कुतूहल अधिक असलें तरी मुलखाच्या घडणीस त्यांचा हात लोखंडापेक्षां कमी. १७४५ त येरोफेई मार्कोव्ह या शेतकऱ्यास येकातेरिनबुर्गजवळ सोनें सांपडलें. १८१९ च्या सुमारास सोन्याच्या वाळूंत प्लॅटिनम ओळखलें गेलें. १८२८ ते १८४५ पर्यंत रशियानें त्याचीं नाणीं पाडलीं, हें आमच्या नाणकशास्त्री मित्रांस आवडेल. पहिल्या महायुद्धापूर्वीं जगांतील बहुतेक प्लॅटिनम उरलचें असे. १८३१ पासून पाचू निघूं लागला. हिरव्या मॅलाकाइट दगडाच्या पातळ चकत्या जोडून हिंवाळी राजवाड्यांतील दालनाचे खांब मढविले गेले.

१८६१ सालीं भूदासपद्धति मोडली आणि उरलच्या कारखानदारीचा दुसरा आधारहि गेला. तशांत दक्षिण रशियांत दोनेत्स खोऱ्यांतील उत्तम कोळसा व क्रिव्हॉय रॉगची लोहधातु यांस लोहमार्गानें एकत्र आणलें, आणि १८९५ च्या सुमारास दक्षिणेनें उरलास मागें टाकलें. दोनशें वर्षांची परंपरा दहा वर्षांत हरली. १८९९ सालीं सरकारनें मेंडेलीव्ह या सुप्रसिद्ध रसायनवेत्त्यास चौकशीसाठीं उरलास धाडलें. त्याचा मोठा अहवाल पुढल्या वर्षीं छापला गेला. कारखानदारांची जुनी मक्तेदारी व रानांवरील कबजा यांवर त्यांत कठोर टीका आहे. आणि जळणाचा प्रश्न सोडविण्यास पूर्वेकडील कोळसा लोहमार्गानें आणण्याचा विचारहि आहे.

तो विचार अंमलांत आला तो निराळ्याच राज्यांत. १९३० च्या मे महिन्यांत सोव्हिएट राज्यकर्त्यांनीं उरलची धातु व सायबेरियांतील कुझनेत्स्कचा कोळसा यांची सांगड घालण्याचा निर्णय केला. दोहोंमधील अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक! गाड्यांनीं पूर्वेकडून कोळसा आणावयाचा व परत जातांना धातु न्यावयाची, म्हणजे दोन्ही टोंकांस भट्ट्या चालतील. आणि आजवर रानाअभावीं पडून राहिलेल्या माग्नितनाया डोंगराच्या पायथ्याशीं, उघड्या मैदानांत, माग्नितोगोर्स्क उभारलें गेलें. अमेरिकेंतील गॅरी येथील पोलादकारखाना नमुन्यास धरला होता. १९२९ सालीं पहिले बांधकामवाले आले तेव्हां तेथें राहावयास तंबू होते. १९३२ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं पहिल्या झोतभट्टींतून बीड वाहिलें.

ही गति थक्क करणारी आहे यांत शंका नाहीं. पण बांधणारांत उत्साहानें आलेल्या तरुणांबरोबर, घरदार जप्त करून पहाऱ्यांत आणलेलीं शेतकऱ्यांचीं हजारों कुटुंबें होतीं हें विसरतां येत नाहीं. त्यांचा पहिला हिंवाळा तंबूंत व मातीच्या झोपड्यांत गेला. मुलें फार मेलीं. अठराव्या शतकांत खेडीं कारखान्यास नेमून देत. विसाव्या शतकांत खेडीं उठवून कारखान्याकडे आणलीं. जळणाची उणीव त्या वेळीं रानानें आणि वेठीनें भरून काढली होती. आतां ती रुळांनीं भरून काढली, वेठ मात्र राहिली.

पुढच्या महायुद्धानें या खर्चाचा दुसरा हिशेब मांडला. १९४१ त जर्मन फौजांनीं दोनेत्स खोरें घेतलें, लेनिनग्राड वेढलें; तेव्हां शेंकडों कारखाने यंत्रें व कामगारांसह आगगाड्यांत घालून उरलास हलविले गेले. खारकोव्हचा रणगाड्यांचा कारखाना निझ्नी तागीलास व लेनिनग्राडचा किरोव्ह कारखाना चेल्याबिन्स्कास गेला. युद्धकाळांत एकट्या निझ्नी तागीलांत टी-३४ जातीचे सुमारे २५ हजार रणगाडे झाले. हर्मिटेज संग्रहालयांतील दहा लाखांहून अधिक वस्तु त्या वेळीं स्वेर्दलोव्स्क नांव असलेल्या येकातेरिनबुर्गांत चार वर्षें सुरक्षित राहिल्या. १९३३ त याच शहरीं निघालेल्या 'उरलमाश' या जड यंत्रें बांधणाऱ्या कारखान्यानें पुढें भिलाईस यंत्रसामुग्री पुरविली. १९५५ सालीं भारत व सोव्हिएट सरकार यांच्यांत करार होऊन, ४ फेब्रुवारी १९५९ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपूरहून पूर्वेस जाणाऱ्या गाडींतून त्या भट्ट्यांच्या ज्वाळा ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांनीं उरलचाच एक वंशज पाहिला आहे.

मुलखाच्या देहावर याच्या ज्या खुणा राहिल्या त्या पाहणें क्लेशकारक आहे. काराबाश येथें तांबें गाळणाऱ्या कारखान्याच्या गंधकयुक्त धुरानें भोंवतालच्या टेंकड्यांवर गवतहि उरलें नाहीं. त्याहून भयंकर प्रकार तेथून जवळच घडला. अणुबाँबसाठीं प्लुटोनियम तयार करणारा 'मायाक' हा गुप्त कारखाना १९४८ सालीं चालू झाला. त्याचें किरणोत्सारी सांडपाणी १९४९ पासून तेचा या लहान नदींत सोडीत. कांठच्या खेड्यांतील माणसें तेंच पाणी पीत, त्यांतच गुरें घालीत. २९ सप्टेंबर १९५७ रोजीं अशा सांडीची एक टांकी थंड ठेवण्याची व्यवस्था बिघडून फुटली. किरणोत्सारी धुरळा वाऱ्यानें ईशान्येस सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत गेला आणि पुढील दीडदोन वर्षांत दहा हजारांहून अधिक माणसांस गांवें सोडावीं लागलीं. सरकारनें ही गोष्ट उघडपणें मान्य केली ती १९८९ त. या अपघातास 'किश्तीम' म्हणतात; कारण ज्या शहरांत तो झाला तें नकाशावरच नव्हतें, तेव्हां जवळच्या ज्ञात गांवाचें नांव त्यास चिकटलें. किश्तीम हें अठराव्या शतकाच्या मध्यास देमिदोव्हांनीं वसविलेलें कारखान्याचें गांव. इतिहासाच्या साधनांत नकाशाचें प्रामाण्य मोठें मानतात; येथें नकाशाच मुद्दाम मुका केलेला होता. तेचाकांठचीं जीं खेडीं उठविलीं त्यांचीं नांवें आज जुन्या कागदांवरूनच शोधावीं लागतात.

निझ्नी तागीलचा १७२५ चा कारखाना १९८७ पर्यंत चालला व आतां त्याचें संग्रहालय केलें आहे. ज्या वीसोकाया डोंगरावर तो जगला त्या डोंगराच्या जागीं खोल खड्डा आहे. माग्नितनायाचीहि तीच गत. तेथें सुमारे ५० कोटि टन धातु होती असा अंदाज होता; ती बहुतेक संपली. आतां माग्नितोगोर्स्कास धातु मुख्यतः बाहेरून येते, कोळसा पूर्वींप्रमाणेंच दुरून येतो. शहरापाशीं आज धातुहि नाहीं आणि कोळसाहि नाहीं; तरी अलीकडच्या वर्षांत तेथें दरसाल एक कोटि टनांच्या आसपास पोलाद होत आलें आहे. उरल नदीच्या एका तीरावर कारखाना, दुसऱ्या तीरावर वस्तीचा मोठा भाग, आणि मधल्या पुलांवरून पाळी बदलतांना कामगारांची ये-जा चालू असते.